बी.एड.ला शिष्यवृत्ती बसते, पण…

प्रिय पोरी,

‘सर, बी.एड.ला स्कॉलरशिप बसते का?’ एवढाच तुझा मेसेज आला. बसते. पण नुसतं ‘हो’ लिहून मोकळा झालो तर तुझं नुकसान होईल. एकदा असंच एका मुलाचं माझ्यामुळे झालं आहे.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याला कॅप फेरीत, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीत, घरापासून लांबचं कॉलेज मिळालं होतं. तालुक्यातल्या कॉलेजात संस्थास्तरावरची, म्हणजे कॉलेजनं स्वतः भरायची, एक जागा रिकामी होती. मला विचारायला आला, तर मी म्हटलं, ‘घरचं खाऊन शिकशील, घेऊन टाक.’ पुढे महाडीबीटी या सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर फॉर्म भरायला बसला तेव्हा कळलं की संस्थास्तरावरच्या प्रवेशाला फी-सवलत नाही. कोर्स तोच, पदवीही तीच, तरी पैसे शून्य. दोन वर्षांची फी त्यानं पेट्रोल पंपावर रात्रपाळी करून भरली. मला तो कधी काही बोलला नाही, हे जास्त लागतं.

म्हणून तुला पहिलं सांगणं हेच: बी.एड.ची सीईटी दे आणि कॅपमधूनच जागा घे. संस्थास्तरावरच्या जागेलाच ‘मॅनेजमेंट’ म्हणतात; हा शब्द कुणी गोड आवाजात उच्चारला की उठून ये. खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं आणि अभिमत विद्यापीठं मुलींच्या फी-माफीत येत नाहीत. त्यांची माहितीपत्रकं कितीही गुळगुळीत असोत.

तू ओबीसी आहेस आणि घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत आहे, म्हणजे 8 जुलै 2024 चा शासन निर्णय तुझ्या उपयोगाचा. व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅपमधून गेलेल्या अशा मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 2024-25 पासून पूर्ण माफ आहे. उद्या तुझा भाऊ बी.एड.ला गेला तर त्याला शिक्षण शुल्काचा निम्मा भागच मिळेल. त्यावरून घरात भांडण होणार हे मला आत्ताच दिसतंय. मात्र ‘माफ’ म्हणजे शुल्क नियामक प्राधिकरणानं त्या कॉलेजसाठी ठरवलेलं शुल्क. गणवेश, सहल, ‘इतर’ अशा नावाखाली कॉलेज जे मागेल ते तुझ्या पदरचं. शुल्काचा तो आकडा आधी बघ, मगच पसंतीक्रम भर.

तुझी मैत्रीण अनुसूचित जातीची आहे म्हणालीस. तिचा रस्ता वेगळा. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे. उत्पन्न त्यावर गेलं तर फ्रीशिप, म्हणजे फी-माफी. दहावीनंतरच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांना ही शिष्यवृत्ती आहे, म्हणून बारावीनंतरचं डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षकाची पदविका, हीही त्यात येते. पण एक एम.ए. झाल्यावर दुसऱ्या विषयात एम.ए. करायचं म्हटलं तर ती मिळत नाही. तीच पायरी दोनदा चढायला सरकार पैसे देत नाही. तिला आणखी एक सांग: केंद्राचा 60 टक्के वाटा आता थेट विद्यार्थ्याच्या आधार-जोडलेल्या खात्यात येतो आणि त्यातली फी सात दिवसांत कॉलेजला भरायची असते. खात्यात पैसे दिसले म्हणून मोबाईल घेऊ नकोस म्हणावं.

तू पाठवलेली ती ‘नर्सरी टीचर’ची जाहिरात मी वाचली. सहा महिन्यांचा कोर्स, नोकरीची हमी, हप्त्याची सोय. त्यात एनसीटीईच्या, म्हणजे शिक्षक-प्रशिक्षणाचे कोर्स मान्य करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, मान्यतेचा उल्लेख शोधला, सापडला नाही. मान्यता नाही म्हणजे शिष्यवृत्ती नाही. लहान मुलांत रमणं तुला आवडतं हे ठाऊक आहे, पण त्यासाठी कर्ज काढायचं हे मला पटत नाही.

पैशाच्या नादात एक गोष्ट मागे पडायला नको. 11 ऑगस्ट 2023 ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. चालत नाही, तिथे डी.एल.एड.सारखं प्राथमिकचं प्रशिक्षण लागतं. बी.एड. झालीस तर सहावीपासून पुढे. दोन्ही कोर्स दोन-दोन वर्षांचे, म्हणजे चुकीचा निवडलास तर फी वाचेल आणि वर्षं जातील. तुला जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग हवाय की हायस्कूलला मराठी शिकवायचंय, हे आधी मला कळव. मला वाटतं दुसरं, पण माझ्या वाटण्यावर आता मी स्वतःच फार विसंबत नाही.

कागदांचं सांगतो. नॉन-क्रिमीलेअर, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास आणि जात वैधता. शेवटच्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण पडताळणी समिती आजोबा-पणजोबांच्या शाळेचे दाखले मागते. आजोबांची शाळा गावातलीच ना? मग निर्गम उताऱ्यासाठी, म्हणजे त्यांच्या शाळेतल्या नोंदीच्या नकलेसाठी, या आठवड्यातच मुख्याध्यापकांना अर्ज दे. आणि पहिल्या वर्षी मंजूर झालं म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप होत नाही, नूतनीकरणाचा फॉर्म पुन्हा भरावा लागतो. दरवर्षी दोन-तीन मुली तिथेच अडकतात.

पसंतीक्रमाची यादी कच्ची लिही आणि लॉक करण्याआधी घेऊन ये. रविवारी सकाळी मी घरीच असतो. बाईंनी तुला थालीपीठ खायलाही बोलावलंय.

तुझा,
सर