कॅलिप्सो संगीताचे पहिले ध्वनिमुद्रण कधी आणि कुठे झाले?

पहिले म्हणजे कोणते, यावर उत्तर अवलंबून आहे. कॅलिप्सोचे माहेर असलेल्या त्रिनिदाद या कॅरिबियन बेटावरील लव्हीज् स्ट्रिंग बँडने 1912 मध्ये न्यूयॉर्कला जाऊन केलेली मुद्रणे सर्वांत जुनी मानली जातात. मात्र ती केवळ वाद्यसंगीताची आहेत. गायलेल्या कॅलिप्सोसाठी 1914 हे वर्ष धरावे. त्या वर्षी व्हिक्टर कंपनीने आपली यंत्रसामग्री थेट त्रिनिदादची राजधानी पोर्ट ऑफ स्पेनला नेली आणि ज्युलियन व्हाइटरोझ या गायकाचे ‘आयर्न ड्यूक इन द लँड’ मुद्रित केले. हे गीत मुद्दाम ऐकावे, कारण गायक त्यात स्वतःच्याच पराक्रमाची द्वाही फिरवतो आणि इंग्रजी ओळींमध्ये मध्येच ‘साँ युमानिते’ (दयामाया न दाखवता) हे फ्रेंच पालुपद येते, ज्यातून बेटावरील फ्रेंचकडून इंग्रजीकडे होणारा भाषाबदल प्रत्यक्ष कानांवर पडतो.

पुढे 1934 मध्ये पोर्ट ऑफ स्पेनमधील व्यापारी एदुआर्दो सा गोमिस यांनी अटिला द हून आणि रोअरिंग लायन या दोन गायकांना ध्वनिमुद्रणासाठी न्यूयॉर्कला धाडले. कॅलिप्सोचा खरा सुवर्णकाळ तिथून सुरू झाला, असे माझे मत आहे. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मिळत असल्याने तंबूत, म्हणजे कॅलिप्सोच्या मैफली जिथे रंगत तिथे, लांबत जाणारी कडवी मात्र आटोपशीर करावी लागली.