प्रक्रिया, अभिक्रिया की विक्रिया?

एका वाचकाची पृच्छा अशी : ‘आम्ही शाळेत “रासायनिक प्रक्रिया” म्हणत होतो, मुलीच्या दहावीच्या पुस्तकात “रासायनिक अभिक्रिया” आहे, तर मराठी विश्वकोशात “विक्रिया” दिसते. यांतला योग्य शब्द कोणता? शिवाय सूत्रांतली अक्षरे आणि आकडे वाचायचे कसे?’

तिन्ही शब्द ‘क्रिया’ला उपसर्ग लागून झाले आहेत, आणि फरक त्या उपसर्गांतच आहे. ‘प्र’मध्ये पुढे सरकण्याचा भाव असल्याने प्रक्रिया म्हणजे टप्प्याटप्प्याने चालणारे काम. ‘अभि’ म्हणजे कडे, समोर; म्हणून अभिक्रिया म्हटले की दोन पदार्थ समोरासमोर आल्याचे चित्र उभे राहते. ‘वि’ विकाराकडे, म्हणजे मूळ रूप बदलण्याकडे बोट दाखवतो. माझ्या मते अर्थाच्या दृष्टीने ‘विक्रिया’ अधिक नेमका आहे, कारण चुनखडी तापवली की ती एकटीच मोडते, तिच्यासमोर दुसरा पदार्थ नसतो. तरीही ‘अभिक्रिया’ आता पाठ्यपुस्तकांत रुळला आहे आणि मुलांशी बोलताना तोच वापरावा. ‘प्रक्रिया’ मात्र या अर्थाने टाळावा.

का टाळावा, हे चुन्याच्या भट्टीवर स्पष्ट दिसते. चुनखडी फोडणे, भट्टी भरणे, दगड भाजणे, निघालेला कळीचा चुना पाण्याने विरवणे आणि तो चाळणे, हे सगळे मिळून झाली प्रक्रिया. तिच्यात चुन्याच्या अभिक्रिया दोनच आहेत. सुमारे ९०० अंश सेल्सियसला चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो, ही पहिली; कळीच्या चुन्यावर पाणी पडताच तो तापतो, वाफा सुटतात, खडे फुटून त्यांची पांढरी भुकटी होते, ही दुसरी. फोडताना आणि चाळताना पदार्थ तोच राहतो.

अभिक्रिया ओळखण्याची खूणही हीच, की नवा पदार्थ तयार झाला पाहिजे. रंग पालटणे, वायू सुटणे, उष्णता निर्माण होणे, गाळ बसणे ही केवळ लक्षणे आहेत आणि ती फसवूही शकतात; पाणी उकळताना बुडबुडे येतात, पण वाफ हे पाणीच असते. येथे मराठी क्रियापदे चांगली मदत करतात. बर्फ वितळते, साखर विरघळते, चुना विरतो. पहिल्या दोहोंत पदार्थ तोच राहतो, बर्फाचे पाणी पुन्हा गोठते आणि पाणी आटवले की साखर परत मिळते. विरलेला चुना मात्र नुसता वाळवून कळीचा चुना होत नाही. ‘साखर वितळली’ असे चहाच्या कपाविषयी सर्रास म्हटले जाते, ते म्हणूनच सुधारावे.

आता सूत्र. कळीच्या चुन्याचे सूत्र आपण सी-ए-ओ असे वाचतो. अक्षरे तीन, पण मूलद्रव्ये दोनच, कारण त्यातला ‘सी’ मोठ्या लिपीतला आणि ‘ए’ लहान लिपीतला असून दोन्ही मिळून कॅल्शियमची एकच संज्ञा होते. प्रत्येक मोठे अक्षर म्हणजे नव्या मूलद्रव्याची सुरुवात, एवढे मुलांना आधी सांगावे. देवनागरीत मोठी आणि लहान लिपी नसल्यामुळे ‘सीओ’ असे लिहिले तर कोबाल्ट हे मूलद्रव्य की कार्बन मोनॉक्साइड हे संयुग, ते कळणार नाही. मराठी पुस्तकांतही संज्ञा रोमन ठेवणे मला त्यामुळेच योग्य वाटते.

अक्षरानंतर खाली लिहिलेला बारीक आकडा त्याच्या लगेच आधीच्या अणूपुरता असतो, आणि कंसाबाहेर असेल तर कंसातल्या सर्वांना लागू होतो. विरलेल्या चुन्याच्या सूत्रात ओ-एच कंसात आणि बाहेर २ आहे, म्हणजे कॅल्शियम १, ऑक्सिजन २, हायड्रोजन २. सूत्राच्या आधी लिहिलेला मोठा आकडा मात्र संपूर्ण सूत्राला गुणतो. पाण्याच्या सूत्राआधी २ असेल तर पाण्याचे दोन रेणू.

समीकरणातला बाण ‘बरोबर’ असा वाचू नये. ‘कळीचा चुना आणि पाणी यांपासून विरलेला चुना तयार होतो’ असे पूर्ण वाक्य म्हणावे आणि मग अणू मोजावेत : डावीकडे चुन्यातला एक आणि पाण्यातला एक असे ऑक्सिजन २, पाण्यातले हायड्रोजन २ आणि कॅल्शियम १, उजवीकडेही नेमके तेवढेच.