तलवारीचा तास आणि त्याआधीची पायपीट

मागच्या अंकात क्योतोतल्या माझ्या पायी फेरीबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. सकाळी नीजो किल्ल्यापासून मीबू भागापर्यंत चालायचं आणि दुपारी दोजोत, म्हणजे तालमीत, दीड तास तलवार हातात धरायची, एवढंच. त्यावर इतकी पत्रं आली, की संपादकांनी या वेळी अख्खं पान सोपवलं. मी मूळची मिरजेची. बावीस वर्षं क्योतोत आहे. त्यातली चौदा इआइदो शिकण्यात गेली, म्हणजे म्यानातून तलवार उपसून वार करायची विद्या, आणि अजून शिकतेच आहे. गाइड म्हणून फिरते त्याला अकरा वर्षं झाली. पत्रं जरा कापून घेतली आहेत, रागावू नका.

“आम्ही नवरा-बायको येत्या नोव्हेंबरात मुलीकडे जपानला येतोय. माझं वय ६६, उजवा गुडघा कुरकुरतो. मुलगी म्हणते, चल गं. हे म्हणतात, या वयात तलवार शिकून कुणाशी लढणार आहेस? चालणं किती आणि मांडी घालून बसावं लागतं का?” — निवृत्त शिक्षिका, सातारा

काकू, काकांना सांगा, लढायला इथे कुणीच येत नाही. कमरेला तलवार लावून फिरायला १८७६ सालीच बंदी आली. आमच्या वर्गात सगळ्यात तरतरीत बाई ७४ वर्षांच्या आहेत.

चालणं थांबत थांबत साडेतीन-चार किलोमीटर. रस्ता सपाट आहे, चढ नाही. किल्ल्यातल्या निनोमारू महालात बूट काढून शिरायचं आणि लाकडी ओसऱ्यांवरून फिरायचं. पाय टाकला की फळ्या चिवचिवतात. चोरपावलांनी येणाऱ्याला पकडायला मुद्दाम केलेली युक्ती, असं बहुतेक गाइड सांगतात, मीही पहिली दोन वर्षं सांगत होते. खरं म्हणजे फळीखालच्या लोखंडी पट्ट्या आणि खिळे सैल होऊन एकमेकांवर घासतात, त्याचा तो आवाज. हा किल्ला १६०३ मध्ये तोकुगावा इएयासूने बांधला आणि १८६७ मध्ये त्याच्याच वंशातल्या शेवटच्या शोगुनने, म्हणजे सम्राटाच्या नावाने राज्य चालवणाऱ्या सेनापतीने, राज्यकारभार सम्राटाला परत देत असल्याचं याच महालात जाहीर केलं. अडीचशेहून जास्त वर्षांच्या कारभाराचा पहिला आणि शेवटचा अंक एकाच ओसरीवर. तिथून शिनसेन-एनचं तळं, मग सांजो-काईचा छप्पर घातलेला बाजार, मग मीबू. बाजारात बसायला जागा आहे, तिथे गुडघ्याला विसावा द्या.

बसायचं म्हणाल तर मांडी नाही, वज्रासन. इथे त्याला सेइझा म्हणतात. तुम्हाला ते जमणार नाही आणि जमवूही नका. पत्र पाठवून आधी कळवलं की खुर्ची मिळते आणि नमस्कार उभ्यानेही चालतो. आणखी एक, कुणी आधी सांगत नाही म्हणून सांगते: हकामा नेसायच्या आधी बाथरूमला जाऊन या. त्या घेरदार पायघोळ वस्त्राला पुढे पाच चुण्या, मागे दोन आणि चार लांबलचक नाड्या. एकदा बांधला की सोडायचा धीर होत नाही.

“ताई, स्पष्टच विचारतो. सामुराई उरलेत कुठे? भाड्याचा पोशाख, दोन फोटो, आठ-दहा हजार येन. हा पर्यटकांना गंडवायचा धंदा नाही का?” — इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पुणे

अर्धं खरं बोललास. सामुराई म्हणून पोट भरणारा माणूस दीडशे वर्षांत इथे नाही. आमचे सेन्सेई, म्हणजे गुरुजी, शहरबसचे निवृत्त ड्रायव्हर आहेत आणि तलवार पुसताना त्यांचा हात जसा चालतो, तसाच तो म्हणे बसची काच पुसताना चालायचा.

गंडवणं ओळखायचं कसं, ते सांगते. जागेत शिरल्या शिरल्या पाच मिनिटांत हातात तलवार आली आणि समोर फोटोवाला उभा राहिला, तर पैसे फोटोचे गेले समज. जिथे पहिली वीस मिनिटं वाकून नमस्कार, तलवार कुठल्या हातात धरून चालायचं, खाली ठेवताना धार कुणाकडे करायची यातच जातात, तिथे थांब. पाहुणा म्हणून बसताना तलवार आपल्या उजव्या बाजूला ठेवतात, कारण तिथून उजव्या हाताने ती झटकन उपसता येत नाही. यजमानाला न बोलता दिलेला तो शब्द असतो. हे ज्या शिक्षकाने सांगितलं, त्याने तुझे निम्मे पैसे तिथेच वसूल करून दिले.

उरलेले निम्मे मीबूत वसूल होतात. १८६३ मध्ये शिनसेनगुमी या टोळीचा मुक्काम इथल्या यागी घराण्याच्या वाड्यात होता. शोगुनच्या बाजूने शहरात गस्त घालणारी ही तलवारबाज पोरं. त्याच वर्षी एका पावसाळी रात्री त्यांच्यापैकीच काहींनी आपला एक म्होरक्या, सेरिझावा कामो, याला झोपेत गाठून याच वाड्यात मारलं. दाराच्या वरच्या आडव्या पट्टीवर तलवारीचा घाव अजून आहे. मी लोकांना तिथे दोन मिनिटं गप्प उभं करते. घाव बोटभर, पण बघितल्यावर कळतं की त्या खोलीत तलवार डोक्यावर उचलायलाच जागा नव्हती. आपल्या जुन्या वाड्यांच्या चौकटीला डोकं आपटलंय का कधी? तेवढीच उंची. दुपारी सेन्सेई “कोपर आत, वार छोटा” असं सतरांदा ओरडतात, तेव्हा ती पट्टी आठवते.

१८६४ मध्ये याच टोळीने सांजोजवळच्या इकेदाया नावाच्या सराईवर रात्री छापा घातला आणि नाव झालं. त्या जागी आज इझाकाया, म्हणजे जपानी पद्धतीचं मद्यगृह, आहे. बिअर मिळते, दाराशी जागेची खूण सांगणारा एक दगड आहे. तिथे मी कुणाला नेत नाही, तुला जायचं तर जा.

“माझा मुलगा नऊ वर्षांचा, तीन वर्षं मर्दानी खेळ शिकतोय. लाठी, तलवार आणि आता पट्टा सुरू केलाय. त्याला हे कंटाळवाणं होईल का? का उलट हात बिघडेल?” — आई, कोल्हापूर

या पत्राची मी वाट बघत होते. मिरजेत लहानपणी जोतिबाच्या यात्रेहून परतणारी पोरं चौकात पट्टा फिरवताना पाहिली आहेत, तळहातावरचं लिंबू कापताना डोळे मिटून घेतले आहेत.

हात बिघडणार नाही, पण पहिला अर्धा तास त्याची चिडचिड होणार हे धरून चला. दांडपट्ट्यात मनगट खोबळ्यात बंद असतं, जोर खांद्यातून आणि कमरेतून येतो आणि पट्टा थांबत नाही. थांबला की खेळ मोडला. इथे नेमकं उलट. एक वार, आणि पातं बेंबीच्या उंचीवर जागच्या जागी थांबलं पाहिजे, हलता कामा नये. पट्टा फिरवणाऱ्या पोराला हे थांबणं म्हणजे शिक्षा.

धरणंही वेगळं. आपली तलवार एका हाताची, दुसऱ्यात ढाल. कतानाची, म्हणजे इथल्या तलवारीची, मूठ लांब, दोन्ही हातांची. उजवा हात पुढे, परजेला लागून, तो फक्त दिशा दाखवतो. जोर मागच्या डाव्या हाताचा, त्यातही करंगळी आणि अनामिकेचा. ओला टॉवेल पिळतो तशी पकड. आपली तलवार कमरेला लटकते, धार खाली. कताना ओबीत, म्हणजे कंबरपट्ट्यात, खोचतात आणि धार वर असते. म्हणून म्यानातून बाहेर येतानाच तिचा पहिला वार होतो.

मुलाला मिळेल ती बोकुतो, म्हणजे लाकडी तलवार. धातूचं पातं लहान मुलांना देत नाहीत आणि देऊही नये. वयाची अट जागोजागी वेगळी असते, ती आधी विचारा. तुम्ही स्वतः मात्र इआइतो मागून घ्या. बिनधारेची, मिश्रधातूची, पण वजन आणि तोल खऱ्यासारखा. तिच्या पात्याला लांब खाच असेल तर एक गंमत होते. वार करताना धारेचा कोन आणि हाताचा मार्ग तंतोतंत जुळला तरच ‘शूप’ असा आवाज येतो, त्याला ताचिकाझे म्हणतात, तलवारीचा वारा. कोन जरासा चुकला की काहीच नाही, नुसता हात हलतो. जोर लावून तो आवाज काढता येत नाही. मला पहिल्यांदा आला तो आठव्या महिन्यात, दमून हात सैल पडले होते तेव्हा.

आणि म्यानात घालणं. सगळ्यांना उपसायची हौस असते, शिकवणीचा निम्मा वेळ मात्र परत घालण्यात जातो. डाव्या हाताच्या अंगठ्या-तर्जनीने म्यानाचं तोंड झाकायचं, पात्याची पाठ त्या बेचक्यावर टेकवायची आणि टोक आत पडेपर्यंत पातं हळूच पुढे सरकवत न्यायचं. तलवार आत ढकलायची नाही, म्यान पुढे आणून तिला भेटवायचं. खाली बघायचं नाही. सहाव्या वर्षी मला पहिल्यांदा धारेची तलवार मिळाली, मी जरा तोऱ्यात होते. बेचक्यात चार टाके पडले. पट्टी बांधून परत आले तेव्हा सेन्सेईंनी एवढंच विचारलं, “कुणी वाट बघत होतं का?” तुमच्या मुलाला बोकुतोनेही हेच करायला लावतील, डाव्या मुठीचं म्यान करून. पट्ट्यात म्यान नसतंच, त्यामुळे हे त्याला नवं असेल. आमच्याकडे आलेल्या एका पोराने रात्री हॉटेलात छत्रीने शंभर वेळा केलं, असं त्याच्या आईने कळवलं.

जमलं तर ओकाझाकीतलं बुतोकुदेनही दाखवा. १८९९ सालचं लाकडी सभागृह, हेइआन मंदिराच्या जवळच. मेच्या पहिल्या आठवड्यात येत असाल तर देशभरातले वयस्कर केंदो (बांबूच्या तलवारीचा खेळ) आणि इआइदोवाले तिथे जमतात. ऐंशीच्या आजोबांचा एकच वार बघा. नंतर ते काठी टेकत निघून जातात.

“भिंतीवर लावायला खरी कताना न्यायची आहे. विमानात चालेल का?” — व्यावसायिक, नाशिक

नका. जपानात प्रत्येक खऱ्या तलवारीची नोंद असते, देशाबाहेर न्यायला सांस्कृतिक खात्याचा दाखला लागतो आणि भारतात उतरल्यावर शस्त्र कायदा वाट बघत असतो. भिंतीसाठी एवढा उपद्व्याप कशाला?

बोकुतो घ्या. शाळेच्या सहलीला क्योतोत आलेली जपानी पोरं हमखास लाकडी तलवार विकत घेतात आणि घरी आईची बोलणी खातात. तुम्ही त्याच परंपरेत बसाल. फक्त नेहमीची बोकुतो १०१.५ सेंटीमीटरची, ती कुठल्याच सुटकेसमध्ये मावत नाही. छोटी कोदाची ५४.५ सेंटीमीटरची, ती तिरकी घालून मावते. दोन्ही चेक-इन सामानातच. खांद्याला अडकवून केबिनमध्ये न्यायचा प्रयत्न एका पाहुण्यांनी केला होता. बोकुतो विमानतळावरच राहिली.

“शाकाहारी आहोत. दिवसभर उपाशी राहावं लागेल का?” — एक कुटुंब, ठाणे

दोजोत चहा मिळतो. यागी वाड्याच्या तिकिटात हिरवा माच्चा चहा आणि एक मोची, म्हणजे तांदळाचा चिकट गोळा, असते, त्यात मीबूनाची पालेभाजी बारीक चिरून घातलेली, ती बिनधास्त खा. उदोनचा, म्हणजे जाड शेवयांचा, रस मात्र विचारल्याशिवाय पिऊ नका, त्यात बहुतेक वेळा माशाची दाशी, म्हणजे अर्क, असते. दशम्या आणत असाल तर दोन जास्त आणा. मला मिरजेला जाऊन तीन वर्षं झाली.