'सेट'चा अर्थ लावायचा कसा?

प्रश्न : मुलगी गुजराती माध्यमात दहावीला आहे. शब्दकोशात 'सेट' काढला की अर्थ संपता संपत नाहीत, म्हणून ती सगळीकडे 'ठेवणे' लिहून मोकळी होते. कोर्टाच्या एका कागदात 'सेट असाइड' होतं. आम्ही मोठ्यांनीही ते 'बाजूला ठेवला' असंच वाचलं. एवढे अर्थ पाठ कसे करायचे?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : पाठ करायला लावू नका. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत या एका क्रियापदाचे ४३०च्या आसपास अर्थ आहेत. 'सिट' म्हणजे बसणे आणि 'सेट' म्हणजे बसवणे, एवढं मूळ मुलीला सांगा. अंगठीत खडा बसवतात, निखळलेलं हाड बसवतात; इंग्रजीत दोन्हीकडे 'सेट'च.

मग वाक्यात कर्म शोधायचं. गजर असेल तर 'लावणे', प्रश्नपत्रिका असेल तर 'काढणे', तारीख असेल तर 'ठरवणे', जेवणाचं टेबल असेल तर 'मांडणे'. मराठीत त्या वस्तूला जे क्रियापद चालतं, तेच उत्तर. कर्मच नसेल तर कर्ता पाहा. सूर्य मावळतो, सिमेंट घट्ट होतं. रात्री विरजण लावलेलं दही सकाळी भांडं कलतं केलं तरी हललं नाही, की आपण 'दही लागलं' म्हणतो. इंग्रजीत ते 'सेट' झालं.

त्यानंतर पुढचा छोटा शब्द. सर्वांत जास्त चुका इथेच होतात, कारण तो शब्द अर्थ पार फिरवतो. 'सेट आउट' म्हणजे प्रवासाला निघणे, 'सेट इन' म्हणजे पावसाळा लागतो तसं लागणे. 'सेट ऑफ' फटाक्याबरोबर आला तर उडवणे, हिशेबात आला तर येणं-देणं एकमेकांत वळतं करणे. तुमच्या कागदातल्या 'सेट असाइड'चंही तेच. पैसे असतील तर बाजूला काढून ठेवणे. न्यायालयाचा आदेश असेल तर रद्द करणे. 'बाजूला ठेवला' वाचून आदेश अजून जिवंत आहे असं वाटतं, म्हणून ही चूक महागात पडू शकते. तो कागद पुन्हा वाचा आणि वकिलांना दाखवा.

परीक्षेसाठी एक गोष्ट : भूतकाळीही रूप 'सेट'च राहतं, 'सेटेड' होत नाही. 'ही सेट द अलार्म' यात 'ही' असूनही क्रियापदाला 'स' लागलेला नाही, म्हणजे वाक्य भूतकाळी.

कपबशांचा सेट मात्र वेगळ्या घरातला. तो जुन्या फ्रेंचमार्गे लॅटिन 'सेक्टा'वरून आला. पंथाला इंग्रजीत 'सेक्ट' म्हणतात तोही तिथलाच. तिथे 'संच' लिहा.

प्रश्न : 'सेटिंग लावणे' हे इंग्रजीत तसंच चालेल का?

उत्तर : नाही. संधान बांधणे हा अर्थ आपल्याकडचा. इंग्रजीत 'सेटिंग' म्हणजे दागिन्याचं कोंदण, कथेतला स्थळकाळ किंवा यंत्राची ठरवून दिलेली जुळणी. ओळखीपाळखीने काम करून घेणं सांगायचं असेल तर वाक्य वेगळं बांधावं लागेल.