कार्ड बंद करायचंय, पण ऐकतंय कोण?

प्रश्न : नोटांच्या प्रेसमध्ये माझी ३३ वर्षं गेली, पण एक प्लास्टिकचं क्रेडिट कार्ड मला बंद करता येईना! मार्चमध्ये पै न् पै भरून कार्ड बंद करा म्हणालो. फोनवर आधी आकडे दाबा, मग वीस मिनिटं बासरी ऐका. शेवटी एक मुलगी येते आणि म्हणते, ‘सर, तुमच्यासाठी छान ऑफर आहे.’ पाच वेळा हेच. एकदा तर अर्ज पोस्टाने पाठवा म्हणाले. आणि आता ५९० रुपये वार्षिक फीचं बिल! घरात बोलणी खातोय ती वेगळीच.
— एक वाचक, जेल रोड, नाशिकरोड

उत्तर : काका, फोन ठेवा, ईमेल लिहा. पोस्टाने अर्ज पाठवण्याचा आग्रह कंपनीला धरताच येत नाही. रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे : बाकी शून्य असेल तर अर्जानंतर कामाच्या ७ दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं; नाहीतर उशिराच्या दर दिवसामागे कंपनीने तुम्हाला ५०० रुपये द्यायचे. म्हणजे तुमचं ५९० (५०० फी, वर १८ टक्के जीएसटी) त्यांच्या सव्वा दिवसाचंही नाही!

मार्चचं शून्य बाकीचं स्टेटमेंट जोडा, पाचही फोनच्या तारखा लिहा, फीवर लेखी आक्षेप घ्या, तक्रार क्रमांक मागा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. पैसे लागत नाहीत, वकीलही नाही. माहितीसाठी फोन १४४४८.

कार्ड रागाने कापलं नाहीत ना? शेवटचे चार आकडे अर्जात लागतील.