गाडीच्या सायलेन्सरला पडलेले भोक वेल्डिंग न करता बुजवता येते का?

येते; मात्र ते काम किती दिवस टिकेल, हे भोक नेमके कुठे आहे आणि त्याच्या कडेचा पत्रा किती धड राहिला आहे यावर ठरते. म्हणून पेस्ट विकत आणण्यापूर्वी, पाइप पूर्ण थंड असताना गाडी सपाट जागी जॅक स्टँडवर (गाडी उचलून धरणाऱ्या पक्क्या टेकूंवर) घ्यावी (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये) आणि भोकाच्या भोवताली स्क्रू ड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. टोक टणक लागले तर पत्रा शाबूत आहे; ते पापुद्र्यातून आत गेले, तर तेवढा भाग बदलणे हाच उपाय, कारण ठिगळाला धरायला जागाच उरलेली नसते.

भोक इंजिनाजवळ, म्हणजे मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर गोळा करून पाइपात सोडणारा भाग) किंवा ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारे उपकरण) यांच्या आसपास असेल तर घरगुती उपाय करू नये. तेथील तापमान कित्येकशे अंशांवर जाते, शिवाय गळतीतून बाहेरची हवा आत ओढली गेल्यास सेन्सर चुकीची नोंद देतो. जोडाच्या फ्लँजपाशी, म्हणजे दोन पाइप बोल्टने जोडणाऱ्या चपट्या कडेपाशी, फुसफुस ऐकू येत असेल, तर बहुधा भोक नसून गॅस्केट (जोडातील फट बंद करणारी चकती) गेलेले असते आणि ते बदलले की काम भागते.

मधल्या गोल पाइपाला भोक असेल, तर तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने लखलखीत धातू दिसेपर्यंत गंज काढावा. तेलाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यातून भोकापेक्षा सर्व बाजूंनी किमान इंचभर मोठा तुकडा कापून तो पाइपाच्या गोलाईला बसेल असा वाकवावा. दोहोंच्या मध्ये सायलेन्सरसाठी मिळणारी उष्णतारोधक पेस्ट भरून दोन्ही टोकांना स्टेनलेस स्टीलच्या होज क्लिपा (स्क्रूने आवळायच्या गोल पट्ट्या) आवळाव्यात. नळकामाची साधी इपॉक्सी पुट्टी येथे चालत नाही. ती उष्णतेने मऊ पडून सुटते. माझ्या मते टिकाऊपणा पेस्टमुळे नव्हे, तर पत्रा आणि क्लिपांमुळे येतो; पेस्ट फक्त फटी बुजवते.

या कामात घाई मात्र नडते. यातील बऱ्याच पेस्टमध्ये सोडियम सिलिकेट असते आणि ते ओले असताना एकदम तापले की त्यातील पाण्याची वाफ होऊन ते फुगते. रत्नागिरीत असताना मी पहिल्यांदा पेस्ट लावून तासाभरात गाडी रस्त्यावर काढली, तेव्हा ती कुरडई तळल्यासारखी फुलली आणि हातखंब्याला पोहोचेपर्यंत गळून पडली. दुसऱ्या वेळी रात्रभर वाळू दिली, सकाळी मोकळ्या अंगणात इंजिन थोडा वेळ नुसते चालू ठेवून बंद केले, निवल्यावर क्लिपा पुन्हा आवळल्या आणि ते ठिगळ दोन पावसाळे टिकले. दुरुस्ती होईपर्यंत काचा उघड्या ठेवाव्यात आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सायलेन्सरच्या डब्याच्या तळाशी एखादे बारीक, नीटस गोल भोक दिसले, तर मात्र हात आवरावा. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ तेवढेच पाणी तयार होते, आणि बाजारहाटापुरत्या छोट्या फेऱ्यांत ते वाफ होऊन बाहेर न पडता डब्यात साचते. ते निथळावे म्हणून अनेक गाड्यांमध्ये हे भोक कारखान्यातच पाडलेले असते. ते बुजवले तर डबा आतून कुजतो.