मार्चमधल्या पावसाला मावठा म्हणायचं का?

एका ताईंचा प्रश्न आहे. त्या मूळच्या साताऱ्याच्या, लग्न होऊन इंदूरला आल्या. जानेवारीत दोन दिवस रिपरिप पाऊस झाला तेव्हा सासूबाई खुशीत म्हणाल्या "मावठा पडला", मग रंगपंचमीच्या आधी एकदम आभाळ भरून गडगडाटासकट पाऊस आला तेव्हा ताईंनी हौसेने "मावठा आला" म्हटलं तर सासरे म्हणाले हा मावठा नव्हे. मग हा कोणता, अवकाळी की वळीव? आणि गारा पडल्या की घरात सगळे "ओले पडले" म्हणतात ते मराठी आहे का?

ताई, सासऱ्यांचं बरोबर आहे. मावठ्याच्या पोटात महिना लपलेला आहे. हिंदीत ह्याच पावसाला महावट, मावठ असंही म्हणतात आणि त्यातला सुरुवातीचा तुकडा म्हणजे माघ. माघचं माह झालं, जसं मेघचं मेह झालं तसंच. म्हणजे पौष-माघात, थंडीत पडणारा पाऊस तोच मावठा. फाल्गुन अर्धा उलटल्यावर त्याला मावठा म्हणणं म्हणजे दिवाळीचा फराळ होळीला वाढून त्याला दिवाळीचाच म्हणण्यासारखं आहे.

आणि सासूबाई खूश का झाल्या तेही ह्या शब्दातच आहे. माळव्यात त्या वेळी गहू हिरवा उभा असतो, एक चांगला मावठा पडला की एक पाणी देण्याचा खर्च वाचतो, म्हणून इथल्या माणसाच्या तोंडी हा शब्द येतो तेव्हा आवाजात आनंदच असतो. हा पाऊस मान्सूनचा नसतो, भूमध्य समुद्राकडून जी वादळी प्रणाली इराण-अफगाणिस्तानवरून सरकत येते, जिला इकडचे हिंदी पेपर पश्चिमी विक्षोभ म्हणतात, तिच्यामुळे पडतो. तिचा जोर पंजाब-हिमाचलकडे, माळव्यापर्यंत तिचं शेपूट पोचतं, आणि महाराष्ट्राच्या दक्षिणेकडे तर फारसं काही उरतच नाही. साताऱ्याच्या माणसाला मावठा शब्द माहीत नसणं म्हणूनच साहजिक आहे, जिथे तो पाऊसच नेमाने येत नाही तिथे नाव कुठून येणार.

बडोद्याला माझी आत्या राहते, तिच्याकडे मात्र वेगळंच ऐकलंय. ती एप्रिलमधल्या पावसालाही "मावठं झालं" म्हणते, कारण गुजरातीत मावठुं शब्दाचा माघाशी संबंध विसरला गेलाय, मोसमाबाहेरचा कुठलाही पाऊस म्हणजे मावठुं. पेपरात कमोसमी लिहितील पण बोलताना मावठुंच. गुजरातीत तो नपुंसकलिंगी म्हणून बडोद्याच्या मराठीतही "ते मावठं", आणि आपल्याकडे हिंदी-माळवीतून आला म्हणून "तो मावठा". शब्द एकच पण दोन संस्थानी शहरांत दोन लिंगं आणि दोन अर्थ, मला ही गोष्ट फार आवडते.

आता वळीव. तुम्ही साताऱ्याच्या म्हणजे हा तर तुमचाच शब्द. दिवसभर तापून दुपारनंतर वारा सुटतो, धूळ उठते, ढग चढतात आणि अर्धा तास झोडपून पुन्हा ऊन, तो वळवाचा पाऊस. वैशाख-ज्येष्ठातला, मृगाच्या आधीचा. वळणे क्रियापदाशी त्याचं नातं सांगतात, वारा वळतो म्हणून वळीव, आणि ज्याने तो वारा फिरताना बघितलाय त्याला हे पटतं. महत्त्वाचं हे की वळवाची वाट बघितली जाते. त्याच्यावर मशागतीचं गणित असतं. म्हणून मे महिन्यातल्या वळवाला बातम्यांमध्ये सरसकट "अवकाळी" म्हणतात ते मला अजिबात पटत नाही, जो पाऊस ठरलेल्या वेळी येतो, ज्याला पिढ्यान्‌पिढ्या नाव आहे, तो अवकाळी कसा?

कारण अवकाळी हे पावसाचं नाव नाहीच, तो पावसावर दिलेला निकाल आहे. अवगुण, अवलक्षण, अवदसा हे शब्द आठवा, तोच अव इथे आहे. नुसती वेळ चुकली एवढंच त्यात नाही, वाईट झालं हेही आहे. पूर्वी ते विशेषण होतं, अवकाळी पाऊस, आता "अवकाळीने झोडपलं" असं नामच होऊन बसलंय. हवामान खात्याच्या वर्गवारीत बघाल तर मार्च ते मे हा सगळा काळ मान्सूनपूर्व हंगाम आहे, त्यांच्या लेखी तिथे पाऊस पडणं नवल नाही. नवल नसलं तरी शेतकऱ्याचं नुकसान खरंच आहे.

आणि तुमचा रंगपंचमीच्या आधीचा पाऊस नेमका तिथेच बसतो, म्हणून त्याला अवकाळी म्हणा, निःशंक म्हणा. त्या वेळी गव्हाच्या ओंब्या पिकलेल्या असतात, वाऱ्या-पावसाने पीक आडवं होतं, दाणा भिजला तर त्याची चमक जाते आणि मंडीत भाव पडतो. तिकडे मंदसौर-नीमचला अफूच्या बोंडांना चिरा दिलेल्या असतात, त्यातून आलेला चीक एका सरीत धुऊन जातो, वर्षाची मेहनत डोळ्यांदेखत. जानेवारीत जो पाऊस वरदान तोच दोन महिन्यांनी घात, मग लोक त्याला एकच नाव कसं देतील.

गारपीट ह्याच दिवसांत जास्त का, तर खाली जमीन तापायला लागलेली असते पण वरची हवा अजून थंडीतलीच असते. तापलेली हवा झपाट्याने वर जाते, अरबी समुद्राकडची किंवा बंगालच्या उपसागराकडची वाफ मिळाली की उंच ढग बनतात आणि त्यात बर्फाचे गोळे धरतात. मे महिन्यात ते खाली येईपर्यंत बरेचसे वितळतात, मार्चमध्ये तसेच पोचतात. इंदूर तसं साडेपाचशे मीटर उंचीच्या पठारावर, दक्षिणेला विंध्याच्या बुटक्या डोंगररांगा, त्यामुळे मी असंही अनुभवलंय की घाटावरच्या सिमरोल गावाला पाऊस आणि भेरूघाट उतरून खालच्या निमाड भागात गेलो तर रस्ता कोरडा, लोक घाम पुसताहेत.

आता ओले. तो हिंदी शब्द आहे ताई, ओला म्हणजे गार, अनेकवचन ओले. इंदूरच्या मराठी घरांत तो इतका मुरलाय की "काल ओले पडले" म्हणताना कोणाला खटकत नाही, पण साताऱ्याच्या कानाला ते "काल कपडे ओले झाले" सारखं लागणार, कारण आपल्याकडे ओलं म्हणजे भिजलेलं. मराठीत ती गार, स्त्रीलिंगी, गारा पडल्या. सासरच्या लोकांना दुरुस्त करायला जाऊ नका, त्यांच्यासाठी ते घरचंच मराठी आहे, पण माहेरी फोनवर सांगताना गारा म्हणा, नाहीतर आई विचारेल काय ओलं झालं म्हणून.